हृदयविकार असताना कोरोना झाला तर : पहिल्या दिवसापासून बरं होऊन पुन्हा चालायला लागेपर्यंत

कोरोनाचं नाव ऐकून आता पूर्वीसारखी धडकी भरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. लस किंवा आधीचा संसर्ग यांमुळे बहुतेकांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती आहे, आणि पुष्कळांचं हे दुखणं चार दिवसांच्या तापावर निभावतं. हृदयविकार असलेल्या माणसाचं गणित मात्र वेगळं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधल्या ४४,६७२ रुग्णांची आकडेवारी प्रसिद्ध झाली. त्यात एकूण २.३ टक्के रुग्ण दगावले होते, पण आधीपासून हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांमध्ये हे प्रमाण १०.५ टक्के होतं. हे आकडे लसीच्या आधीचे आहेत, आज ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी जास्त जपायला हवं अशांच्या यादीत हृदयरुग्ण आजही वरच्या ओळीत आहेत.

या रुग्णाचं नुकसान दोन वाटांनी होतं. एक विषाणूमुळे. दुसरं, त्या आठ-दहा दिवसांत घरात होणाऱ्या गोंधळामुळे. कोणीतरी सांगितलं म्हणून बीपीची गोळी बंद केली, अंग दुखतंय म्हणून भलतीच वेदनाशामक घेतली, छातीत दुखलं तर ‘कोरोनाचंच असेल’ म्हणून रात्र काढली. पहिल्या वाटेवर आपला ताबा मर्यादित आहे. दुसरी बरीचशी आपल्या हातात आहे, म्हणून या लेखाचा भर तिच्यावर आहे.

हृदयावर ताण येतो कसा

ताप एक अंश सेल्सियसने चढला की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते. म्हणजे हृदयाला काम जास्त, त्यासाठी लागणारा प्राणवायूही जास्त. नेमक्या त्याच वेळी फुप्फुसांना सूज असेल तर रक्तातला प्राणवायू कमी होतो. धमन्या मोकळ्या असलेला माणूस हे सोसून नेतो. जिथे धमनी आधीच साठ-सत्तर टक्के अरुंद आहे तिथे नवी गुठळी न होताही हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते.

गुठळीचा धोका यापेक्षा वेगळा. या आजारात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि रक्त गोठण्याकडे झुकतं. स्वीडनमधल्या ८६,७४२ कोरोनाबाधितांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संसर्गानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका कित्येक पटींनी वाढलेला दिसला. ताप उतरला म्हणजे सुटलो, असं पहिल्या दोन आठवड्यांत धरून चालू नये ते यासाठी.

याखेरीज ठोक्यांची लय बिघडणं, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरणं), बऱ्यापैकी आढळतं. हृदयाच्या स्नायूला थेट सूज येणं, म्हणजे मायोकार्डायटिस, त्या मानाने विरळ. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडणाऱ्या, रुग्णाची अडचण आणखी निराळी असते : धाप कोरोनानेही लागते आणि फुप्फुसांत पाणी साठूनही लागते, आणि दोन्हींत ऑक्सिजन उतरतो. पाय सुजलेत, वजन वाढलंय, आडवं पडलं की गुदमरतं आणि उठून बसलं की बरं वाटतं, असं असेल तर संशय पाण्याकडे जातो. ताप आणि खोकला जोरात असेल तर फुप्फुसाकडे. अनेकदा दोन्ही एकत्र असतं, आणि ते घरी बसून उलगडत नाही.

हृदयविकार म्हटला की सगळे एका पारड्यात, असंही नाही. बीपी गोळीने नीट ताब्यात असलेला चाळिशीतला माणूस आणि हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलेला सत्तरीतला माणूस यांच्या धोक्यात मोठं अंतर आहे. जास्त जपायचं ते हार्ट फेल्युअर असलेल्यांनी, अलीकडेच अटॅक येऊन गेलेल्यांनी किंवा स्टेंट बसवलेल्यांनी, झडपेचा गंभीर आजार असलेल्यांनी, जन्मजात गुंतागुंतीचा हृदयदोष असलेल्यांनी आणि हृदयप्रत्यारोपण झालेल्यांनी. जोडीला मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा लठ्ठपणा असेल तर आणखी. पेसमेकर आहे एवढ्यानेच धोका वाढत नाही. तो कशासाठी बसवला आणि हृदयाची ताकद किती, हे बघावं लागतं.

पहिली पायरी : आजारी पडण्याआधीचा एक कागद

हे काम आजच उरकून टाका, ताप चढल्यावर होत नाही. एका कागदावर आजाराचं नाव, शेवटच्या टू-डी एकोमधला इजेक्शन फ्रॅक्शनचा (हृदयाच्या पंपिंगच्या टक्केवारीचा) आकडा, स्टेंट किंवा बायपासची तारीख, चालू असलेली प्रत्येक गोळी मिलिग्रॅम आणि वेळेसकट, कशाची अॅलर्जी आहे, आणि मूत्रपिंडाच्या तपासणीतला शेवटचा क्रिएटिनिन लिहून ठेवा. ‘सकाळची पांढरी गोळी’ असं लिहू नका; गोळ्यांच्या पट्टीवर छापलेलं औषधाचं नाव उतरवा.

जुन्या ईसीजीचा फोटो फोनमध्ये ठेवा. रात्री दोन वाजता दवाखान्यात नवा ईसीजी निघतो आणि त्यात एखादा बदल दिसतो. तो आजचा आहे की पाच वर्षांपूर्वीचा, हे ठरवायला डॉक्टरांकडे तुमच्या जुन्या कागदाशिवाय दुसरं साधन नसतं. पुढची निम्मी धावपळ त्या एका फोटोवर ठरू शकते.

कागदाच्या तळाशी तुमचे नेहमीचे आकडे लिहा : बसलेले असताना बीपी, नाडी, ऑक्सिजन आणि सकाळचं वजन. काही जन्मजात हृदयदोषांत ऑक्सिजन एरवीही नव्वदच्या खाली असतो. अशा माणसाला ९४ ची सर्वसाधारण मर्यादा लावण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी ‘नेहमीपेक्षा किती उतरला’ हाच प्रश्न.

दुसरी पायरी : लक्षणं दिसली त्याच दिवशी चाचणी आणि फोन

‘दोन दिवस बघू’ हे वाक्य हृदयरुग्णाने टाळावं. कारण सरळ आहे : विषाणूविरोधी गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आतच सुरू कराव्या लागतात. चाचणी सकारात्मक आली की तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना किंवा नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा आणि वरचा कागद वाचून दाखवा.

पॅक्सलोविड हे यातलं जास्त वापरलं जाणारं औषध. त्यात दोन घटक असतात. निर्माट्रेल्विर विषाणूला रोखतं. रिटोनाविर यकृतातलं एक एन्झाइम दाबून ठेवतं, म्हणजे पहिलं औषध शरीरात जास्त वेळ टिकावं. पेच इथेच आहे. हृदयाची बरीच औषधं शरीरातून बाहेर टाकण्याचं कामही तेच एन्झाइम करतं. ते दाबलं गेलं की त्या औषधांचं रक्तातलं प्रमाण चढतं. सिमव्हास्टॅटिन, अमिओडेरोन, रॅनोलाझिन, इव्हाब्रॅडिन, एप्लेरेनोन यांच्याबरोबर पॅक्सलोविड चालत नाही. सिमव्हास्टॅटिन तेवढ्या दिवसांपुरतं थांबवता येतं, पण अमिओडेरोन महिनोन्‌महिने शरीरात रेंगाळतं, ते थांबवून उपयोग होत नाही. अॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन सहसा थोडे दिवस थांबवतात. टिकाग्रेलॉर आणि रिव्हारोक्साबानमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. क्लोपिडोग्रेलचं उलट होतं : त्याचा परिणाम कमी होतो, आणि स्टेंट नुकताच बसवलेला असेल तर ते धोक्याचं. अॅम्लोडिपिनचं प्रमाण वाढून बीपी फार उतरू शकतं.

ही यादी पाठ करायची नाही. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा : ‘माझ्या या गोळ्यांपैकी कोणती थांबवायची, कोणती कमी करायची, आणि पुन्हा कधी सुरू करायची?’ उत्तर लिहून घ्या. पॅक्सलोविड जमत नसेल तर रेमडेसिविर शिरेतून तीन दिवस देण्याचा पर्याय असतो. त्याने नाडी मंदावू शकते, म्हणून तेव्हा नाडीवर लक्ष ठेवतात.

न मागता मिळणाऱ्या दोन औषधांबद्दल इथेच सांगतो. अॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आहे, विषाणूवर त्याचा उपयोग नाही. शिवाय काहींच्या ईसीजीमधलं क्यूटी अंतर, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, त्याने लांबतं. सोटालॉल किंवा अमिओडेरोन आधीपासून चालू असेल तर त्यातून घातक लय निर्माण होण्याची भीती असते. दुसरं स्टिरॉइड. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवलं की डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले सुमारे एक पंचमांशाने घटतात. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. स्टिरॉइडने साखर चढते आणि अंगात पाणी धरतं. घरी बसलेल्या, ऑक्सिजन ९७ असलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने कोणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवरून ते घेणं म्हणजे विकतचं दुखणं.

तिसरी पायरी : रोजच्या गोळ्यांचं काय करायचं

२०२० च्या वसंतात एक शंका वाऱ्यासारखी पसरली. विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून. रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्यांचा त्याच यंत्रणेशी संबंध आहे. मग या गोळ्यांमुळे कोरोना बळावत असेल का? अनेकांनी घाबरून गोळ्या सोडल्या. याचं उत्तर नीट चाचणी करून मिळालं. ब्राझीलमध्ये या गोळ्या घेणाऱ्या, दवाखान्यात दाखल झालेल्या ६५९ रुग्णांपैकी काहींच्या गोळ्या महिनाभर थांबवल्या, काहींच्या चालू ठेवल्या. जानेवारी २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : थांबवून काही फायदा नाही. तेव्हा या गोळ्या चालूच ठेवायच्या. बंद केल्या तर बीपी उसळण्याची आणि फेल्युअर वाढण्याची जोखीम मात्र खरी.

बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल वगैरे, एकाएकी सोडणं सर्वांत वाईट. नाडी उसळते, छातीत दुखू शकतं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा : या गोळ्यांनी नाडी दबलेली असते, त्यामुळे आजार गंभीर होत असतानाही ती ८०-८५ च्या पुढे कदाचित जाणार नाही. ‘नाडी नॉर्मल आहे’ यावर विसंबू नका.

अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या स्टेंटवाल्याने स्वतःच्या मनाने एक दिवसही चुकवू नयेत. वॉरफरिन किंवा अॅसिनोकुमॅरॉल घेणाऱ्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, ताप, कमी खाणं आणि अँटिबायोटिक यांमुळे वरखाली होतो. आजारात तो एकदा लवकर तपासून घ्या. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, विनाकारण निळे डाग दिसले तर लगेच फोन.

गोळ्या चालू ठेवण्याच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे. उलट्या-जुलाब होत असतील, पोटात काही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, उभं राहिल्यावर अंधारी येत असेल किंवा वरचं बीपी नव्वदच्या आसपास उतरलं असेल, तर पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, आणि रामिप्रिल-टेल्मिसार्टन गटातली गोळी तशीच घेत राहिल्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून डोस ठरवा. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या खाणं-पिणं थांबलेलं असताना सहसा थांबवायला सांगतात, कारण साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं, म्हणजे कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो.

तापाला आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल पुरतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही मंडळी अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवतात, हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने त्यांच्या वाटेला जाऊ नये. पॅरासिटामॉलमध्येही पाण्यात फसफसणारा प्रकार टाळा, एकेका गोळीत चारशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असू शकतं. सर्दीच्या तयार गोळ्यांच्या पट्टीमागे फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन हे शब्द दिसले तर ती पट्टी परत ठेवा. नाक मोकळं होतं, पण बीपी आणि धडधड वाढते.

चौथी पायरी : रोजची मोजणी

दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी : ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन. वजन दिवसातून एकदाच.

ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. बोट गरम असू द्या, नेलपॉलिश काढा, आकडा स्थिरावेपर्यंत अर्धा मिनिट थांबा. लावल्या लावल्या दिसलेला पहिला आकडा लिहायचा नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये यंत्रावरची नाडी उड्या मारते, अशा वेळी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. गडद त्वचेवर हे यंत्र ऑक्सिजन थोडा जास्त दाखवू शकतं. म्हणून आकडा ९५ असला तरी माणूस वाक्य पूर्ण न करता मध्येच श्वास घेत असेल, तर विश्वास माणसावर ठेवायचा.

वजन सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढ झाली तर ती चरबी नव्हे, पाणी. पडताळा घ्यायचा तर घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. खड्डा तसाच राहिला आणि सावकाश भरला तर सूज आहे. दिवसभर अंथरुणात असलेल्या माणसाची सूज पायांऐवजी कमरेच्या खालच्या भागात उतरते, तिथेही बघा.

तापात भरपूर पाणी प्यावं, हा सल्ला सगळ्यांना सरसकट देतात. हार्ट फेल्युअरमध्ये पाण्याची मर्यादा ठरवून दिलेली असते. घाम आणि ताप जास्त असेल तर ती किती सैल करायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि वजनाचा काटा बघत राहा. ओआरएसमध्ये मीठ असतं, ते जुलाब नसताना सरबतासारखं पीत बसू नका.

दिवसभर झोपून राहू नका. दर तास-दोन तासांनी खोलीतल्या खोलीत चाला, बसल्या जागी पावलं वरखाली करा. पायांत गुठळी होऊ नये म्हणून एवढं पुरतं. पालथं झोपून ऑक्सिजन सुधारतो खरा, पण नुकतीच बायपास होऊन छातीचं हाड जुळायचं असेल तर तो प्रयोग करू नका.

पाचवी पायरी : कधी निघायचं

छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखं दुखणं जे पाच-दहा मिनिटांत थांबत नाही किंवा हात, जबडा, पाठीकडे जातं, थंड घाम, बसलेले असतानाही धाप, ऑक्सिजन ९४ च्या खाली किंवा नेहमीपेक्षा स्पष्ट उतरलेला, शुद्ध हरपणं, धडधड सुरू होऊन न थांबणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, नवा गोंधळलेपणा. यांतलं एकही असेल तर रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रिया यांच्यात अटॅक न दुखताही येतो. एकाएकी आलेला थकवा, मळमळ, दम एवढंच दिसतं, आणि कोरोनात ते सहज खपून जातं.

थांबण्याची किंमत काय असते हे २०२० ने दाखवलं. इटलीच्या लोंबार्डी भागात साथीच्या पहिल्या चाळीस दिवसांत दवाखान्याबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना आदल्या वर्षीच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी वाढल्या. त्यातल्या काही कोरोनाच्या होत्याच, पण त्याच काळात अनेक देशांत लोक भीतीपोटी छातीत दुखत असूनही घरीच राहिले. आजही ‘पॉझिटिव्ह आहे, घेतील का?’ म्हणून लोक थबकतात. अटॅकवरचा उपचार कोरोना आहे म्हणून थांबत नाही.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर बसून घ्या, उभ्याने नाही. बीपी आधीच उतरलेलं असेल किंवा सिल्डेनाफिलसारखं (व्हायग्रासारखं) औषध नुकतंच घेतलेलं असेल तर ती घेऊ नका.

दवाखान्यात पोचल्यावर दारातच दोन गोष्टी सांगा : कोरोना आहे आणि हृदयविकार आहे. रक्ततपासणीत ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण) वाढलेला आला तर लगेच ‘ब्लॉकेज’ समजू नका. तापाचा ताण, स्नायूची सूज, मूत्रपिंडाचा बिघाड यांनीही तो वाढतो. काही तासांनी तो पुन्हा तपासून आणि ईसीजी, एको बघून डॉक्टर ठरवतात. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली तर घरून आणलेल्या त्याच कामाच्या गोळ्या विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका.

सहावी पायरी : ताप उतरल्यानंतर

पहिलं काम, थांबवलेल्या गोळ्या पुन्हा सुरू करणं. सगळ्यांत जास्त विसरलं जातं ते हेच. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी आठवड्यासाठी थांबवलेली असते आणि तीन महिन्यांनी लक्षात येतं की ती सुरूच केली नाही.

व्यायाम घाईने नको. ताप जाऊन रोजची कामं दम न लागता होऊ लागली की सपाटीवर दहा-पंधरा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा, चालताना गप्पा मारता याव्यात इतपत वेगाने. दुसऱ्या दिवशी अंग ठीक असेल तरच थोडं वाढवा. छातीत दुखणं, धडधड किंवा गरगर झाली की थांबा आणि तपासून घ्या. मायोकार्डायटिस झाला असेल तर जोराचा व्यायाम काही महिने बंद असतो, आणि तो कधी सुरू करायचा हे तज्ज्ञच सांगतील.

काहींना उभं राहिलं की धडधडतं. घरी बघायचं तर पाच मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग उभं राहून दहा मिनिटांत दर दोन मिनिटांनी मोजा, जवळ कोणीतरी असू द्या. तीस ठोक्यांहून जास्त वाढ टिकून राहत असेल तर ते आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा.

अमेरिकेतल्या १,५३,७६० माजी सैनिकांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोरोना होऊन गेलेल्यांना पुढच्या वर्षभरात हार्ट फेल्युअरचा धोका ७२ टक्क्यांनी आणि हार्ट अटॅकचा ६३ टक्क्यांनी जास्त दिसला, आणि दवाखान्यात न गेलेल्यांतही तो थोडा वाढलेला होता. म्हणून हृदयरुग्णाने बरं झाल्यावर चार-सहा आठवड्यांत एक भेट ठरवून घ्यावी : बीपी, साखर, मूत्रपिंड, ईसीजी, आणि दम टिकून असेल तर एको.

लसीबद्दल शंका असते ती मायोकार्डायटिसची. एमआरएनए लसींनंतर, मुख्यतः तरुण मुलग्यांमध्ये आणि बहुधा दुसऱ्या डोसनंतर, तो क्वचित दिसला. बहुतेक जण लवकर बरे झाले. एकूण लोकसंख्येत कोरोनामुळे होणाऱ्या मायोकार्डायटिसचं प्रमाण त्याहून जास्त आहे. वय झालेल्या हृदयरुग्णाने या भीतीने लस टाळू नये. पुढचा डोस कधी, हे डॉक्टरांना विचारा, त्याच भेटीत फ्लू आणि न्यूमोकोकल लसीचंही विचारून टाका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लसीसाठी थांबवायची नाही. वॉरफरिनवाल्यांनी आयएनआर ठरलेल्या मर्यादेत आहे ना बघून जावं, टोचणाऱ्याला आधी सांगावं, आणि सुई काढल्यावर ती जागा न चोळता दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरावी.